ओलं फडकं

"आणि शरीरातले ते पहारेकरी विसरतात कधी?" आक्कांनी विचारलं.

डॉक्टर विश्राम सामंत हसला. दर शिवरात्रीला तो पुण्याहून घाटमाथ्यावरच्या या मठात येई आणि तिथल्या म्हाताऱ्या आक्का त्याला असंच काहीतरी विचारत. दमेकऱ्यांच्या छातीचा त्याच्याइतका अभ्यास केलेला माणूस आसपास नव्हता. हे तो स्वतः कधी विसरत नसे.

"विसरत नाहीत, आक्का. फुलांचा पराग बिचारा काही करत नाही. पण शरीराचा एकदा गैरसमज झाला, की ते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे हे पहारेकरी, तयार करतं. पराग पुन्हा दिसला की ती बोंब ठोकतात आणि श्वासाच्या वाटा आवळतात."

"रक्तात असतात ती?"

"आम्हीही रक्तातच शोधत बसलो होतो. काहींच्या रक्तात फारशी सापडतच नाहीत. छातीतच तयार होतात, तिथंच ठाण मांडून बसतात."

"छातीतच..." आक्का म्हणाल्या.

खाली कोकण पसरलं होतं. त्यातला एक हिरवा ठिपका म्हणजे विश्रामच्या घरची आंब्याची बाग. बाबा गेले ते ऐन मोहोरात. मोहोरात मला श्वास घेता येत नाही, असं कळवून विश्राम अंत्यविधीला गेला नव्हता. "सबबी सांगू नकोस. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस," असं थोरल्या भावानं, दादानं सुनावलं होतं.

तेव्हापासून तो इथवर यायचा, डोळे दुखेपर्यंत खाली बघायचा आणि माघारी फिरायचा. दादाची त्याला फार आठवण येई.

"यावर औषध?"

"ज्याचा त्रास, तेच. आधी कणभर, मग जरा जास्त. हळूहळू शरीर दुसऱ्या जातीची प्रतिपिंडं बनवतं. ती परागाला वाटेतच गाठतात, बोंब होऊ देत नाहीत."

"तू घेतलंस?"

"मी... रोग्यांना देतो."

आक्कांनी खालच्या हिरव्या ठिपक्याकडे बोट केलं.

"मोहोर गळून गेल्यावर कोणता दमा आडवा येतो तुला?"



आक्का उठल्या. गाभाऱ्यातून एक गाठोडं घेऊन आल्या आणि ओसरीच्या पार पलीकडच्या टोकाला थांबल्या. फडक्यातून मोहोराचा तुरा डोकावत होता. विश्रामचा हात खिशातल्या दम्याच्या पंपाकडे गेला.

"पिंडीवर वाहायला तुझा दादा दरसाल पाठवतो. गडी आणून देतो."

"फडकं ओलं का आहे?"

"मालक स्वतः भिजवून बांधतात म्हणे. फुलांची धूळ उडता कामा नये. वर कुणाला तरी ती सोसत नाही."

"दादा... असं म्हणाला?"

"तू इथं यायला लागलास, तेव्हापासून म्हणतोय."

विश्रामचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसलेही नाहीत. पंप हातात तसाच राहिला.

मग तो घाईघाईनं उठला, चपला शोधू लागला.

"मी निघतो, आक्का. आत्ताच्या आत्ता घरी जातो."

आक्कांनी हात आडवा धरला.

"घरी नको. आधी कणभर. आज घाटाच्या पहिल्या वळणापर्यंतच जा..."

"तिथं काय आहे?"

"गाठोडं गड्याच्या हाती देऊन तुझा दादाही तिथंच बसून राहतो, वर बघत."