तलावाचा पाचवा पंच

फार पूर्वी हेमावती नगरात राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या अमात्याच्या रूपाने जन्मले होते. त्यांचे नाव शीलगुप्त. वडील लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला, मणिभद्राला, त्यांनीच खांद्यावर खेळवून वाढवले होते.

नगराच्या वरच्या अंगाला मोठा तलाव होता. त्याची देखरेख पाच पंचांकडे असे. पाणी किती चढले म्हणजे सांडव्याच्या फळ्या काढून ते वाट करून सोडायचे, हे पाचवा पंच ठरवी. एका उन्हाळ्यात तो पंच वारला. त्या जागेला योग्य माणूस एकच होता, गोधिक. बांधावर मातीकाम करण्यात त्याची वीस वर्षे गेली होती. पाणी कुठे झिरपते आहे हे त्याला अनवाणी पायांनीच कळत असे. शीलगुप्तांनी राजाला त्याचेच नाव सांगितले.

त्याच दिवशी मणिभद्र घरी आला.

"दादा, ती जागा मला हवी आहे. तुमच्या एका शब्दाचं काम आहे."

"बांधावर तू कधी पाय तरी ठेवला आहेस का?"

"शिकेन की."

"तू शिकेपर्यंत खालच्या वस्तीनं कोणाच्या भरवशावर राहायचं?"

मणिभद्र भरल्या ताटावरून उठून गेला. आई दाराशी उभी होती. "परक्यासाठी शब्द टाकलास, सख्ख्या भावासाठी तोंड उघडलं नाहीस," एवढेच ती म्हणाली.

मणिभद्राने मग सेनापती वज्रकेतूचे पाय धरले. सेनापतीचा शब्द मोडणे राजाला जड गेले आणि नेमणूक झाली. शीलगुप्तांनी दरबारात हरकत घेतली, तेव्हा राजा हसून म्हणाला, "अमात्य, तुमचाच तर भाऊ. तुम्हाला आनंद व्हायला हवा."

पुन्हा एकदा बोलायचे असे ठरवून ते घरी आले. घरात आई शेजारणींना गोड वाटत होती. कित्येक दिवसांनी ती हसताना दिसली. मणिभद्राने वाकून नमस्कार केला. शीलगुप्तांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

भाद्रपदात तीन दिवस पाऊस खळला नाही. चौथ्या दिवशी सकाळी गोधिक धावत मणिभद्राकडे गेला. "पंच, पाणी खुणेच्या दगडाला लागलं. आता फळ्या काढा."

सांडव्याचे पाणी जाई ते सेनापतीच्या नव्या बागेतून, आणि बागेत त्याच्या मुलीच्या लग्नाचा मांडव उभा होता. मणिभद्राने सेनापतीला विचारायला माणूस पाठवला. उत्तर आले, "लग्न उद्या आहे. तोवर थांब. तुला तिथे कोणी बसवलं ते विसरू नकोस."

मणिभद्र ते विसरला नाही. त्याने फळ्यांना हात लावू दिला नाही.

गोधिक तसाच शीलगुप्तांकडे गेला. दोघे एका घोड्यावर बसून बांधावर आले. मणिभद्र आडवा आला, त्याला बाजूला सारून ते फळ्या उपसू लागले. दुसरी फळी निघाली आणि तिसरीला हात घातला, तोच पूर्वेकडे बांध फुटला. त्याच्या खालीच मातीकाम करणाऱ्यांची वस्ती होती. भर दुपारी एक्केचाळीस माणसे वाहून गेली. त्यांत गोधिकची बायको होती, दोन मुली होत्या. सांडव्यावरून त्याला आपले छप्पर फिरत जाताना दिसले.

चौकशीच्या वेळी सेनापती म्हणाला, "बांधावरच्या राखणदारानं पाणी चढल्याची वर्दीच दिली नाही." बांधावर पाण्याची पातळी पाहणारा तो राखणदार पुरात बुडाला होता. राजाने शीलगुप्तांना बाजूला घेतले. "मेलेल्या माणसाला दोषाचं काय? तुमचा भाऊ वाचतो आहे. तुम्ही फक्त गप्प राहा."

शीलगुप्तांनी भावाकडे पाहिले. तो लहानपणी चुकल्यावर उभा राहायचा तसाच मान खाली घालून उभा होता. मग ते सर्वांसमोर बोलले. "वर्दी सकाळीच मिळाली होती, महाराज. फळ्या काढल्या नाहीत त्या माझ्या भावानं. काढू दिल्या नाहीत त्या सेनापतींनी. आणि सगळं ओळखून एकदाच बोलून गप्प बसलो तो मी. राखणदाराचा यात काही दोष नाही."

राजाने सेनापतीचे पद काढले आणि मणिभद्राला राज्याबाहेर घालवले. आईने त्यानंतर मरेपर्यंत थोरल्याच्या हातचे पाणी घेतले नाही.

पाचव्या पंचाची जागा आता गोधिकला देऊ केली गेली.  तो म्हणाला, "ज्यांच्यासाठी राखायचं ते गेले, महाराज. पण बांधाखाली पलीकडं अजून माणसं राहतात. राखीन मी." नवा बांध घालताना त्याच्या हाताखाली माती वाहणाऱ्यांत अमात्यपद सोडलेले शीलगुप्तही होते.

अनेक जन्मांनंतर विहाराच्या कोठारावर आपापला माणूस बसवण्यासाठी दोन भिक्षू भांडत होते, तेव्हा त्यांच्या गुरूंनी, शास्त्यांनी, त्यांना ही कथा सांगितली. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचे राजा आणि सेनापती म्हणजे आज भांडणारे तुम्ही दोघे. तुमच्यातला एक जण ज्याला पुढे करतो आहे तो मणिभद्र. गोधिक म्हणजे हा भिक्षू आनंद, आणि शीलगुप्त मी. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे परिपूर्ण व्रत, आचरली." मग ते म्हणाले, "पण वस्ती वाहून गेल्यावर."