सोपानचं गॅरेज आणि पाच फूट

वाकडपिंपरीत सोपान गुंजाळ नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. घरच्यांचं दुःख तेवढंच होतं.

त्याच्या घराला लागून पत्र्याचं गॅरेज होतं. बायकोने, चंद्राने, म्हशीच्या दुधावर ते उभं केलेलं. एके दिवशी नगरपंचायतीची नोटीस आली. गॅरेज शेजारच्या तात्या बोराट्यांच्या कुंपणाला चिकटलं आहे, नियमाप्रमाणे हद्दीपासून पाच फूट हवं. महिन्याच्या आत परवानगी घेऊन हलवा, नाहीतर पाडण्यात येईल. चंद्राने सोपानला लगेच ऑफिसात पिटाळलं.

तिथले कारकून फडतरे यांनी अर्ज घेतला आणि बजावलं, "आधी अर्ज, मग मंजुरी, मगच हलवायचं. क्रम चुकवू नका."

सोपान तेच घोकत घरी आला. बघतो तर म्हैस तात्यांच्या वांग्यांत शिरलेली. चंद्रा आतून म्हणाली, आधी ती म्हैस हलवा. सोपानने कागद घेतला, म्हैस हलवण्याबाबत तात्यांच्या नावे अर्ज लिहिला आणि मंजुरीची वाट बघत ओट्यावर बसला. तात्या बाजाराला गेले होते. संध्याकाळी ते परतले तेव्हा अर्ज होता, वांगी नव्हती.

चंद्राने कपाळावर हात मारला. "अहो, नको तिथे उभी असली की विचारत बसायचं नसतं. शेपटी पिरगाळायची आणि हाकलायचं."

"बरं," सोपान म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो मंजुरीची चौकशी करायला गेला. ऑफिसच्या दारात एकजण पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते. आत जायला वाट नव्हती. सोपानने शेपटी शोधली, सापडली नाही. मग त्याने शर्टाचं मागचं टोक पिरगाळलं आणि "हैक, हैक" केलं.

ते इंजिनिअर ढवळेसाहेब होते. मंजुरी तेच देणार होते.

फडतऱ्यांनी सोपानला तसंच मागच्या दाराने बाहेर काढलं आणि समजावलं, "माणसाला असं हाकलतात का? नमस्कार करायचा, खुर्ची द्यायची, चहा पाजायचा."

चार दिवसांनी चंद्रा दळणाला गेली असताना एक अनोळखी माणूस आवारात शिरला आणि तांब्याचा बंब उचलू लागला. सोपानने नमस्कार केला. खुर्ची दिली. आलं घालून चहा केला. पाहुणा दोन कप प्यायला आणि बंब घेऊन निघाला. एकट्याला जड जाईल म्हणून सोपानने फाटकापर्यंत हात लावला.

चंद्रा आधी रडली. मग शांतपणे म्हणाली, "परका माणूस आवारात शिरून वस्तूंना हात लावू लागला, की त्याला कोंडायचं आणि गाव गोळा करायचं. कळलं?"

"कळलं."

मुदतीला एकच दिवस उरला. चंद्रा दूध घालायला डेअरीवर गेली होती. ढवळेसाहेब राग गिळून स्वतः माप घ्यायला आले. सोपानने त्यांची पाठच काय ती पाहिलेली. साहेबांनी खांबांना हात लावला, पत्रा ठोकून पाहिला आणि टेप घेऊन गॅरेजात शिरले. सोपानने बाहेरून कडी घातली आणि गाव गोळा केलं.

वाकडपिंपरीत छप्पर हलवायचं तर ते मोडून पुन्हा बांधत नाहीत. सोळा माणसं खालून बांबू घालतात आणि आहे तसं उचलतात. गॅरेजची मुदत गावाला ठाऊक होती, म्हणून हाक ऐकून सोळाजण बांबू घेऊनच आले.

आतून आवाज आला, "अहो, मी इंजिनिअर ढवळे. तुमची मंजुरी माझ्या खिशात आहे."

सोपानला हायसं वाटलं. अर्ज झाला, मंजुरी आली. त्याने खांबांचे नट सोडले आणि म्हणाला, "उचला."

गॅरेजला तळ नव्हता. त्यामुळे खाली साहेबांचे बूट दिसत होते. गॅरेज चालेल तसे तेही चालत होते. आतून ते एकच म्हणत होते, मला ऑफिसात जाऊ द्या.

"साहेब ऑफिसात न्या म्हणतात," सोपानने सगळ्यांना सांगितलं.

डेअरीच्या वळणावर चंद्रा रिकामी किटली घेऊन उभी होती. तिच्यासमोरून तिचं गॅरेज बाजाराकडे निघून गेलं. ती मागे धावली.

सोळाजणांनी गॅरेज नगरपंचायतीच्या भिंतीला टेकवून ठेवलं. फडतऱ्यांच्या खिडकीत अंधार झाला. सोपानने कडी काढली. साहेब घामाघूम बाहेर आले.

सोपानने नमस्कार केला आणि म्हणाला, "साहेब, आता मोजून घ्या. तात्यांच्या कुंपणापासून पाच फूट सांगितलं होतंत, मी अर्धा मैल सोडलाय."