हौसाची वेल

फार पूर्वी एका नदीच्या वळणावर कुंभारांचं एक घर होतं. म्हातारा सासरा चाकावर मडकी घडवायचा, दोघे मुलगे माती तुडवायचे आणि मडकी भाजायचा आवा पेटवायचे. ओल्या मडक्यांवर नक्षी काढायचं काम दोघी सुनांचं. थोरलीचं नाव हौसा, धाकटीचं ठकू.

नक्षी म्हणजे काय, तर गळ्याखाली दोन रेघा आणि मधे ठिपके. सासूनं तेच केलं होतं, आजेसासूनंही तेच. पण एके दुपारी हौसा बाभळीच्या काट्यानं रेघ ओढत असताना तिचा हात आपोआप वळला. रेघेची वेल झाली. वेलीला पानं फुटली आणि मधेच एक पान उलटं, मागे वळून बघणारं निघालं. मडकं गरकन फिरवलं, तर वेल चालू लागल्यासारखी दिसली! फक्त फिरून येताना दोन्ही टोकं जुळेनात. हौसानं तिथं एक कळी काढली आणि चूक झाकून टाकली.

बाजारात त्या मडक्यांभोवती गर्दी झाली. लोक म्हणू लागले, "हौसाची वेल!"

ठकू हरखून गेली. म्हणाली, "जाऊबाई, मलाही शिकवा ना."

"का म्हणून?" हौसा म्हणाली. "ही काय घराण्याची नक्षी आहे? माझ्या डोक्यातून निघाली. माझी आहे, माझ्याबरोबरच जाईल."

त्या दिवसापासून ती दार लावून नक्षी काढू लागली. ठकू अंगणात मुकाट्यानं ठिपके देत बसायची. घरात दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं.

त्या वर्षी मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर सगळे माती आणायला नदीवर गेले. काठाची उंच दरड कोसळून आतली माती उघडी पडली होती. हौसा एका टोकाला एकटीच खणत होती. काळ्या मातीखाली राखेचा जाड थर लागला. कुणाचा तरी जुना आवा असावा! पुढचा घाव घातला तसं काहीतरी खणकन वाजलं. तिनं हातानं माती उकरली. एक फुटका माठ होता.

तिनं तो नदीत धुतला. गाळ निघाला आणि हौसाचे हात पाण्यातच थांबले.

माठावर वेल होती. तीच वळणं, तीच पानं, मधेच मागे वळून बघणारं उलटं पान. तिनं माठ हळूहळू फिरवला. वेल चालू लागली. आणि जिथं दोन्ही टोकं जुळत नव्हती, तिथं एक कळी होती.

त्या कळीचं गुपित तर हौसानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

 तिच्या मनात पहिला विचार आला तो माठ नदीत सोडून द्यायचा. कुणी पाहिलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. पण तिचं बोट त्या कळीवरून फिरत राहिलं. कोण होती ही बाई? हिचीही टोकं जुळली नाहीत. हीसुद्धा अशीच क्षणभर घाबरली असेल, मग हळूच हसली असेल.

हौसानं हाक मारली, "ठकू! इकडे ये गं, लवकर!"

ठकू धावत आली. मागोमाग सासराही आला. हौसानं कळीसकट सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्यानं माठ उन्हात धरून कितीतरी वेळ पाहिला.

"मामंजी, ही नक्षी आपल्या घरात होती?" हौसानं विचारलं.

"नाही पोरी. माझ्या आजीच्या तोंडूनही हिच्याबद्दल कधी ऐकलं नाही."

"मग मधे कुठं गेली?"

म्हाताऱ्यानं माठ तिच्या हातात दिला. हौसालाच उत्तर सुचलं आणि तिचे डोळे भरून आले. मधे कुणीतरी दार लावून घेतलं असणार.

घरी आल्यावर हौसा अंगणात बसली. ठकूचा हात हातात धरून तिनं पहिली वेल काढली. ठकूचं पान जरा जाड आलं. ती ओशाळली.

"राहू दे," हौसा म्हणाली. "तुझं तसंच येऊ दे."

पुढं शेजारच्या पोरी शिकायला येऊ लागल्या. त्या लग्न होऊन दूरदूरच्या गावी गेल्या.

हौसा म्हातारी झाल्यावर एकदा लांबच्या जत्रेला गेली. तिथं एक अनोळखी तरुणी मडकी मांडून बसली होती. प्रत्येक मडक्यावर वेल होती, आणि पानांच्या आड इवलेसे पक्षी.

"कुणी शिकवलं गं?" हौसानं विचारलं.

"माझ्या सासूबाईंनी."

"आणि त्यांना?"

"त्यांच्या मावशीनं म्हणे. त्याच्यामागचं काही ठाऊक नाही, आजी."

हौसानं आपलं नाव सांगितलं नाही. तिनं एक माठ उचलून उन्हात धरला, सावकाश फिरवला आणि ते पक्षी उडताना डोळे भरून पाहिले.

तात्पर्य एवढंच: हातात आलेली कला आपल्याआधी किती हातांतून आली, हे आपल्याला कळत नाही, म्हणून तिला आपल्यापाशी अडवू नये, पुढच्या हातात द्यावी.