झाकणावरचा स्क्रू

गाड्यांचे सुटे भाग आपसांत बोलत असत त्या काळी, पठारावर दुधाचे कॅन वाहणारी एक जुनी जीप होती. तिचं स्टिअरिंग ढिलं झालं होतं. हातातलं चाक वीतभर फिरवलं तरी टायर जागचे हलत नसत.

"माझं कुणी ऐकतच नाही," चाक कुरकुरलं.

चाकाचं फिरणं टायरांपर्यंत पोचवणाऱ्या स्टिअरिंग बॉक्सच्या झाकणावरचा स्क्रू म्हणाला, "मला जरा कसा. सगळे सुतासारखे सरळ होतील."

जीप चालवणाऱ्या गोदाक्कांनाही तसंच वाटलं. त्यांनी पाना घेऊन स्क्रू घट्ट कसला. पठारावरच्या सरळ रस्त्याला जीप शहाण्यासारखी धावली आणि स्क्रू फुशारला. पण घाटातल्या पहिल्याच वळणावर चाक पुरतं वळलं आणि तिथेच अडकलं. जीप कारवीच्या झुडपात नाक खुपसून थांबली.

"मी तर किती घट्ट धरलं होतं," स्क्रू म्हणाला.

"म्हणूनच अडकलं," बॉक्समधला आटेदार दांडा म्हणाला. "जन्मभर सरळ रस्ताच जास्त, त्यामुळे मी मध्यावर झिजलोय. टोकांना अजून जाडच आहे. मधली ढिलाई काढायला तू दाबलंस, मग टोकाला मी फिरू कसा?"

हुसेन मेस्त्रींनी बॉक्स खोलला. झिजलेला दांडा आणि बेअरिंगं बदलली, आणि चाक हलकं फिरेल इतपतच स्क्रू कसला.

आता दूध वेळेवर खाली पोचतं. कुणी पाना घेऊन आलं, की स्क्रूच आधी बोलतो, "मला कसायचं नंतर बघू. आधी झाकण उघडा, आत कोण झिजलंय ते बघा."