शिंगे सात वेळा गळावीत

पूर्वी वेत्रनगरात शिकारीचा शौकीन असा एक राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व नगराबाहेरच्या रानात हरिणाच्या जन्माला आला होता. कळप त्याला आजोबा म्हणे, त्याचा सल्ला मान हलवून ऐके आणि सोडून देई.

त्या रानाचा एक रिवाज होता. बाहेरून आलेल्या नराची शिंगे दोनदा इथल्या मातीत गळली, की तो बायकापोरांसह या रानाचा होई. वणव्यात आपले रान गमावलेला धूसर याच बोलीवर राहिला. कडेला चरायचे आणि शिकारी दिसले की आवाज द्यायचा, हे काम त्याच्यासारख्या नव्यांकडे असे. त्याची शिंगे एकदा गळली. त्याला पाडसही झाले.

दुसऱ्या वर्षी गवत कमी उगवले. कळपाचा नायक चित्रांग म्हणाला, "आता शिंगे सात वेळा गळली पाहिजेत. आधी आलेल्यांनाही हेच लागू. बाकीच्यांनी पौर्णिमेपर्यंत निघावे."

बोधिसत्त्व म्हणाला, "बाबा, दात कोरून पोट भरत नाही. पुढे येणाऱ्यांसाठी हवा तो नियम कर. पण धूसर आपण दिलेल्या शब्दावर इथे राहिला. पाडसाला घेऊन तो जाईल कुठे?"

"आजोबा, तुम्हाला सगळ्यांचीच कीव येते," नायक म्हणाला.

पौर्णिमा झाली. धूसर गेला नाही, करवंदीच्या जाळीत कुटुंबासह दडून राहिला. बोधिसत्त्व रोज नायकाला तेच सांगे आणि खाली मानेने परत येई.

एका सकाळी राजाचे शिकारी आले. कडेकडून आवाज आला नाही, म्हणून कळप निर्धास्त चरत राहिला. निम्मा कळप फाशांत अडकला. नायकाची तिन्ही पाडसे गेली.

उरलेले टेकडीवर जमले. धूसरला पाहून नायकाने विचारले, "तुला शिकारी दिसले नाहीत?"

"दिसले," धूसर म्हणाला. "पण ओरडलो असतो तर मी अजून इथेच आहे हे तुम्हाला कळले असते."

त्याचे पाडस आईची नजर चुकवून सवंगड्यांत खेळायला गेले होते. तेही परतले नाही.

नायकाने शिंगे रोखली. बोधिसत्त्व मधे उभा राहिला. "याला गप्प आपणच बसवले," एवढेच तो म्हणाला.

वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर विहारात राहायला आलेल्या भिक्षूंना नवा नियम लावून अर्ध्यावरच विहाराबाहेर काढले, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, "चित्रांग म्हणजे विहाराचा कारभार पाहणारा हा सुजात. धूसर म्हणजे बाहेर पावसात उभा असलेला भिक्षू. ज्याचे कुणी ऐकले नाही तो म्हातारा मीच. दुबळ्याला दिलेला शब्दही पाळणे, याला सत्यपारमिता म्हणतात."