चकव्याला दहापैकी किती

"दहापैकी किती देऊ, बाबा? साडेनऊ? का सरळ दहा?"

दगडूशा फकीर दर्ग्याच्या पायरीवर बसून मोरपिसांच्या कुंच्यातली मोडकी पिसं उपटत होता. त्यानं मान वर केली नाही.

"कुणाला?"

"चकव्याला."

चकवा म्हणजे मोबाईलच्या गेममधला नवा गडी. नुकताच आलेला. कंपनीनं त्याचं इंग्रजी नाव असं ठेवलेलं, की घेताना जिभेला पीळ पडावा. गावच्या पोरांनी पहिल्याच संध्याकाळी बारसं बदललं.

आणि विचारणारा होता दिग्या. कागदावर दिग्विजय. दहावीला दोनदा बसलेला, दोन्ही वेळा तिथंच बसून राहिलेला. गेममध्ये मात्र तालुक्यात आपल्या तोडीचा कुणी नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं. दुसऱ्या कुणाचं विचारायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

टेकडीवर तो काही पिरासाठी चढत नसे. रेंजसाठी चढे. गावात मोबाईल आभाळाकडं धरून नाचलं तरी एक दांडी यायची नाही, आणि दर्ग्याच्या चिंचेखाली बसलं की सगळ्या दांड्या. म्हणून चार पोरं रोज वर यायची. दिग्या, रफिक आणि घुग्यांचे दोघं भाऊ.

बाबानं जन्मात गेम खेळला नव्हता. पण चार पोरांच्या बोंबा ऐकून ऐकून त्याला सगळं कळायचं. कोण मेला, कोण पळाला, कुणाची गोळी संपली.

"हल्ली शिव्या ऐकू येत नाहीत," बाबा म्हणाला.

"रफिकच्या घरी वायफाय आलंय. ते तिघं तिकडं बसतात."

"अन् तू?"

"इथं एकट्याला रेंज चांगली मिळते."

बाबानं एक पीस उपटलं, वाऱ्यावर सोडलं.

"सांग. काय येतं तुझ्या चकव्याला?"

दिग्याचा चेहरा खुलला. हे विचारणारं त्याला बऱ्याच दिवसांत कुणी भेटलं नव्हतं.

"जागेवर थांबला, की गायब. पायाचा आवाज नाही. नकाशावर ठिपका नाही. गवतात बसला तर गवतालाही पत्ता नाही."

"दुश्मनाला दिसत नाही."

"कुणालाच नाही. आपल्या गड्यांनासुद्धा."

"आपल्यांनाही नाही?"

"तेच तर लई भारी आहे, बाबा."

"खोट काय त्याच्यात?"

"एकच. कुणाला हात लावला, की दिसतो. गोळी घाला, नाहीतर पडलेल्या गड्याला उचला. स्पर्श झाला, की उघडा पडला. त्याचाच अर्धा मार्क कापायचा का, ते ठरत नाहीये."

"खेळलास त्याला घेऊन?"

"खेळलो की. जिंकलो."

"चौघं?"

"मी."

हे 'मी' सांगताना दिग्याचा आवाज जरा बारीक झाला. चिंचेवरच्या खारीला तो ऐकू आला नसेल. बाबाला आला.

झालं होतं असं. त्या डावात घुगे बंधू आधीच गारद झालेले. रफिक भिंतीपाशी जखमी होऊन पडला आणि त्याच्या शेजारच्याच गवतात दिग्या चकवा होऊन बसलेला. कानात रफिक सारखा म्हणत होता, "दिग्या, उचल ना. दिग्या, कुठंयस?" उचललं असतं तर दिग्या दिसला असता. दिसला असता तर मेला असता. मग तो गप बसला. रफिक म्हणत राहिला, मग म्हणायचा थांबला. शेवटी दिग्याचं नाव सोनेरी अक्षरात झळकलं. तो एवढा ओरडला, की टेकडीवर चरणारी म्हैस दचकली. पण कानात कुणी हूं की चूं केलं नाही.

सकाळी बघतो, तर ग्रुपमधून त्याला काढून टाकलेलं.

"मग आता हे मार्क कुणाला दाखवायचेत?"

"व्हिडिओ करणार. चकव्याची सगळी तपासणी. कुठं लपायचं, किती वेळ लपायचं, सगळं. रविवारी तालुक्याची मॅच आहे आणि त्यांच्याकडं चौथा गडी नाही. व्हिडिओ बघतील, डोकं खाजवतील आणि बोलवतील मला."

"रफिकचं घर लांब आहे का रे?"

"ते काय, खाली. पाण्याच्या टाकीमागं."

"मग उतर की."

"मी?" दिग्या हसला. "मी कशाला जाऊ, बाबा? त्यांना गरज असेल तर शोधत येतील."

बाबानं कुंचा बाजूला ठेवला. गुडघ्यावर हात देऊन कसाबसा उठला.

"न तपासता मार्क द्यायचे नसतात. जा, लप."

"काय?"

"लपाछपी. तू चकवा. राज्य माझ्यावर."

दिग्याला एवढं हसू आलं, की मोबाईल पडता पडता राहिला. सत्तरीचा म्हातारा, डोळ्यात मोतीबिंदू, आणि म्हणे राज्य माझ्यावर. असली गंमत सोडेल तो दिग्या कसला?

"धप्प्यासकट?" त्यानं विचारलं.

"धप्प्यासकट."

धप्पा कुणाला सांगायला नको. लपलेल्या गड्यानं गुपचूप मागून यायचं आणि राज्यवाल्याच्या पाठीत चापट घालायची, की पुन्हा राज्य त्याच्यावरच. ज्याच्या पाठीत कधी धप्पा बसला नाही, त्याचं लहानपण फुकट गेलं समजा.

बाबा चिंचेच्या बुंध्याकडं तोंड करून खाली बसला. डोळ्यावर हात घेतला. आकडे मोजायला लागला.

दिग्या दर्ग्यामागच्या कोरड्या हौदात उतरला. जागा त्याच्या ओळखीची. इथंच त्यानं एकदा रफिकच्या चपला लपवल्या होत्या. रफिक अनवाणी, शिव्या देत टेकडी उतरला होता आणि खाली गेल्यावर दोघंही पोट धरून हसले होते.

तो कोपऱ्यात दबून बसला. श्वास बारीक केला.

आकडे थांबले.

आता येईल. आता काठी टेकत येईल, हौदाच्या शेजारून जाईल आणि मी याच्या बापालाही दिसणार नाही.

कुणी आलं नाही.

हौदाच्या भिंतीला एक भगदाड होतं. तिथनं खालचं गाव दिसत होतं. पाण्याची टाकी. टाकीमागं रफिकची गच्ची. गच्चीवर तिघं. डोकी एकमेकांना लागतील एवढी जवळ, आणि तिघांच्या पाठी टेकडीकडं.

दिग्यानं मोबाईल बघितला. सगळ्या दांड्या होत्या. मेसेज एकही नव्हता.

उन्हं पार उतरली. एक सरडा आला, दिग्याकडं बघून मान हलवून गेला. चला, त्याला तरी दिसलो.

मग दिग्या हळूच खोकला.

काही नाही.

जरा मोठ्यानं खोकला. मग चपलेनं भिंत खरवडली. मग एक खडा उचलून हौदाबाहेर टाकला, असा, की बहिऱ्यालाही कळावं चोर कुठं बसलाय. आयुष्यात पहिल्यांदा तो सापडायला बघत होता, आणि तेही नीट जमेना.

गच्चीवर दिवा लागला. तिघांतला कुणीतरी हसत हसत मागं पडला. रफिकच असणार. त्याचं हसणं इथवर येत नव्हतं, पण कसं असेल ते दिग्याला पाठ होतं. आधी नाकातनं फुसकन, मग मोठ्यानं.

दिग्या हौदातनं बाहेर आला. गुडघ्याला माती, केसात जळमट. म्हातारा नक्की आत जाऊन भाकरी खात असणार, नाहीतर झोपला असणार. आज त्याला सोडायचा नाही, असं ठरवूनच तो दर्ग्याला वळसा घालून चिंचेपाशी आला.

बाबा तिथंच होता.

होता तसाच. बुंध्याकडं तोंड, डोळ्यावर हात. ठिगळ लावलेली पाठ दिग्याकडं.

"बाबा."

"हं."

"तुम्ही उठलाच नाहीत."

"नाही."

"मी किती वेळ त्या हौदात..."

"हौदात होय. खोकलास तेव्हा वाटलंच."

"ऐकलंत? मग आला का नाहीत?"

बाबा जागचा हलला नाही.

"असं असतंय का, बाबा? मी तिकडं वाट बघतोय. राज्य तुमच्यावर. तुम्ही शोधायला नको?"

"अन् धप्पा कुणी घालायचा?"

वारा आला. चिंचेची बारकी पानं बाबाच्या खांद्यावर पडली. त्यानं ती झटकली नाहीत.

दिग्या उभाच राहिला. खाली गच्चीवरचा दिवा दिसत होता. तिघांच्या पाठी अजून इकडंच होत्या.

"बरं, मार्क तरी सांगा," तो म्हणाला. "त्या खोटीचा अर्धा कापू का नको?"

बाबानं डोळ्यावरचा हात काढला नाही. वळून बघितलं नाही. फक्त वाकलेली पाठ जराशी सरळ केली.

"दिग्विजय, मी मघापासून पाठ करून बसलोय."