राखून ठेवलेला टाका

फार पूर्वी एका उंच डोंगरावर एक गाव होतं. दुपार कलली की ढग तिथे गल्लीबोळांतून फिरत, आणि दारात उभ्या माणसाला समोरचं दारही दिसत नसे.

त्या गावात म्हाळसा नावाची बाई राहायची. तिचा नवरा मध काढताना कड्यावरून पडला आणि त्याचे पाय गेले. घरात दोन लहान मुली. आता कसं व्हायचं, या घोरात ती असताना गावात परमुलखातली एक म्हातारी आली. तिने म्हाळसाला दोन सुयांवर लोकर विणायला शिकवलं आणि शेवटी ढगाची नक्षी दाखवली. ती शालीवर उतरली की वाटे, लोकर नव्हे, धुकंच पांघरलंय.

"हातात मुरू दे, मग दुसऱ्याच्या हातात दे," एवढं सांगून म्हातारी निघून गेली.

खालच्या बाजारात म्हाळसाच्या शालींवर उड्या पडू लागल्या. शाल द्यायची, धान्य आणायचं. चूल पुन्हा पेटती झाली.

एक दिवस शेजारची ठकू आली. नवरा वारलेला, पदरात सासू आणि तान्हं मूल.

"म्हाळसाताई, मलाही शिकवशील?"

"शिकवते की! बस."

म्हाळसाने मनापासून शिकवलं. पण ढगाच्या नक्षीशी तिचे हात थबकले. सगळ्याच ढग विणू लागल्या, तर माझ्या मुलींनी काय खायचं? नक्षी पुरी करणारा टाका तिने सांगितलाच नाही.

"झालं, एवढंच," ती म्हणाली.

ठकूचे ढग कडेला विरल्यासारखे दिसत. मग ती साध्याच शाली विणू लागली, आणि कसंबसं घर चालवू लागली.

त्या साली म्हाळसाला मोठा ताप आला. महिनाभर ती जणू धुक्यातूनच चालत होती. बरी झाली तेव्हा मुलींची नावं आठवली, पण सुया हातात घेतल्या तर बोटं गप्प. विणकाम ती साफ विसरली होती.

ठकू धावत आली. "रडू नकोस गं. तूच दिलेलं आहे, तुझं तुला परत करते."

रोज दोघी बसत. सुलट टाका, उलट टाका. बोटं हळूहळू जागी झाली. सुईवर ढग उमलू लागला, आणि ठकू थांबली.

"पुढे?" म्हाळसाने विचारलं.

"पुढचं मला कुठे ठाऊक? तू इथवरच शिकवलंस."

म्हाळसाचा चेहरा पांढरा पडला. "ठकू, पुढे एक टाका होता. मी तुझ्यापासून लपवला. आता तो माझ्याकडेही नाही."

बाहेर ढग उतरला होता. ठकू उठली आणि म्हाळसाच्या नवऱ्याच्या अंगावरच्या, म्हाळसाने पूर्वी विणलेल्या ढगाच्या शालीला तिने हात घातला.

"भावजी, ही उसवू का?"

"उसवा," तो म्हणाला. "मी काढेन थोडी थंडी."

दोघी एकेक टाका सोडत, धागा कुठून कुठे वळतो ते पाहत मागे मागे गेल्या. अर्धी शाल मांडीवर लोकर होऊन पडली, तेव्हा ठकू ओरडली, "हा बघ! धागा इथे मागून फिरतोय."

म्हाळसाने तो टाका घातला. मग ठकूने घातला. दुसऱ्या दिवशी म्हाळसाने अंगणात चटई अंथरली आणि गावातल्या साऱ्या बायकांना हाक मारली.

त्या हिवाळ्यात गावातून इतक्या शाली उतरल्या, की खालचे लोक म्हणू लागले, "यंदा डोंगराने आपले ढगच बाजारात धाडलेत."

तात्पर्य: लपवलेली विद्या आपल्या एकट्याच्या आठवणीवर जगते; वाटलेली विद्या आपण विसरलो तरी कुणाच्या तरी हातात जिवंत राहते.